मोजणी

नानांचं भाषण वसाहतीतल्या पोरांनासुद्धा पाठ होतं. “आम्ही देशासाठी त्याग केला,” इथून ते सुरू व्हायचं. मग पाण्याखाली गेलेलं ग्रामदेवतेचं देऊळ यायचं, शाळा यायची, शिमग्यात पालखी बसायची ती सहाण यायची आणि सगळ्यात शेवटी काकी. धरणात पाणी चढायला लागलं, बाकीची माणसं सामानासकट टेम्पोत बसली, पण काकी अंगणातल्या तुळशीला मिठी मारून हमसून हमसून रडत राहिली; अखेर चौघांनी धरून तिला आणली. इथे नानांचा आवाज दाटून यायचा आणि ऐकणाऱ्यांचेही डोळे ओले व्हायचे. मग निवेदन दिलं जायचं, प्रतीवर शिक्का मारून पोच मिळायची, चहा यायचा. वीस वर्षांत साहेब किती बदलले याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. पोचांची फाईल मात्र आता दोरीनं बांधावी लागत होती, आणि वसाहतीतला नळ मार्च उजाडला की कोरडा पडत होता.

राजापूर तालुक्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस धो धो कोसळतो आणि तिथल्या नद्यांवर धरणं बांधली गेली. अर्जुना नदीवर करकजवळ झालेलं धरण त्यातलंच. ही गोष्ट अशा बुडितातल्या एका गावाची समजा. गावाचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण कोयनेपासून आजपर्यंत महाराष्ट्रात अशी गावं इतकी झाली की एकाचं नाव घेतलं तर दुसऱ्याला वाटेल, ही आपली गोष्ट नव्हे.

गाव उठलं आणि कातळावर येऊन बसलं. आधी दारात वहाळ होता, खाचरं होती, उन्हाळ्यातही पायरीच्या विहिरीला पाणी होतं. आता खाली जांभ्या दगडाचा सडा. तिथे आंब्याचं कलम लावायचं तर खड्ड्यासाठी सुरुंग लावावा लागतो. ज्यांच्या जमिनीवर धरणाचं पाणी उभं आहे, त्यांच्याच बायका एप्रिलमध्ये हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात. हे बघून ज्याच्या पोटात कालवाकालव होत नाही त्याला पुढची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

नाना खोटा माणूस नव्हता, हे आधी सांगायला हवं. गाव उठलं तेव्हा तो विशी-बाविशीतला पोरगा होता. शिकलेला, बोलका, कागद वाचता येणारा. म्हणून गावानं त्याला पुढे केलं. रत्नागिरीला जायचं तर दिवस मोडायचा, एस.टी.चं भाडं पदरचं, आणि साहेब भेटतील याची खात्री नाही. तरी तो जात राहिला. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही धरणग्रस्तांच्या चळवळीची घोषणा त्यानं मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलेली होती. त्या चळवळींच्या रेट्यातून राज्यात 1976 साली पुनर्वसनाचा कायदा झाला, पुढे 1986 आणि 1999 साली नवे कायदे आले, वसाहतीला कोणकोणत्या नागरी सुविधा द्यायच्या याची यादी आली. नानाला ती यादी कलमांसकट पाठ होती. त्याच्या बोलण्यात कायदा होता, त्याग होता, तुळस होती. फक्त वसाहतीतली माणसं नव्हती. हे त्याच्या लक्षात यायला निमित्त झालं ते राजापुरातल्या एका शिबिराचं.

विस्थापितांच्या पुढाऱ्यांनी आपलं म्हणणं कसं मांडावं, आपली गोष्ट कशी सांगावी, याचं ते दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. पावसाळ्यात अर्जुना-कोदवलीचं पाणी ज्या जवाहर चौकात शिरतं, तिथून थोडं वर चढून गेल्यावर एका शाळेचा हॉल होता, तिथे. धरणग्रस्त आले होते, अणुऊर्जा प्रकल्पासाठी जमिनी गेलेले माडबनकडचे आले होते, किनाऱ्यावरचे दोघे मच्छीमार आले होते. प्रत्येक गावातून निम्म्या बायका हव्यात अशी अट होती, म्हणून नानानं वसाहतीतली एक सून आणि काकीला बरोबर घेतलं. काकी पंच्याहत्तरी ओलांडलेली. दुपारचं जेवण मिळेल, बाजार होईल, एवढ्यावर ती निघाली.

शिकवायला आलेल्या बाई मूळच्या कोल्हापूरच्या. दिल्लीत अफगाणिस्तान आणि म्यानमारमधून आलेल्या निर्वासितांच्या म्होरक्यांबरोबर त्यांनी काही वर्षं काम केलेलं. त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. सरळ गोष्टच सांगितली.

“इथून अणुस्कुरा घाट चढलात की कोल्हापूर. तिथे वळिवड्याला 1943 पासून पोलंडचे निर्वासित राहत होते. जवळजवळ पाच हजार. बायका आणि पोरंच जास्त. रशियानं त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे धाडलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ते इथे पोचले. महायुद्ध संपलं, 1948 पर्यंत कॅम्प रिकामा झाला, माणसं जगभर पांगली. तरी आज पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, आणि कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांनी उभारलेला स्तंभ आहे. एवढ्या वर्षांनी हे कसं टिकलं? त्या कॅम्पात वाढलेली पोरं म्हातारी झाल्यावर एकत्र आली आणि त्यांनी आपल्या आठवणींचं जाडजूड पुस्तक केलं. एकानं सगळ्यांच्या वतीनं नाही लिहिलं. ज्याचं त्यानं. कुणी शाळेचं, कुणी बाजाराचं, कुणी आपल्या आईचं.”

मग त्या म्हणाल्या, “साहेबापुढे रोज पन्नास दुःखं येतात. तोही माणूस आहे, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि संध्याकाळी घरी जाईपर्यंत ते वाळतं. ज्या गोष्टीवर त्याला हातात पेन घेऊन काहीतरी लिहावंच लागतं, ती गोष्ट टेबलावर राहते. आपल्याला ती शोधायची आहे.” प्रत्येकानं तीन मिनिटांत आपल्या गावाची गोष्ट सांगायची होती.

नाना उठला. तीन मिनिटं त्याला पुरणार नव्हती, पण देऊळ आणि शाळा गाळून तो थेट काकीवर आला. तुळस आली, मिठी आली, हुंदके आले. माडबनकडच्या एका बाईनं पदर डोळ्याला लावला. टाळ्या पडल्या.

बाईंनी विचारलं, “त्या काकी आहेत आता?”

“ही काय, मागे बसलेय.”

सगळ्या माना वळल्या. काकी खिडकीपाशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. नाना वीस वर्षं ही गोष्ट सांगत होता. त्यातल्या कितीतरी वेळा ती त्याच हॉलमध्ये, त्याच मंडपात मागच्या रांगेत होती. तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

“काकी, असंच झालं होतं ना?” बाईंनी विचारलं.

काकीनं नानाकडे पाहिलं. त्याचा मान जाईल असं बोलावं की नाही, हे ठरवायला तिला जरा वेळ लागला असावा. मग म्हणाली, “तुळस नव्हती ती, बाबू. फणस होता. आणि मी रडत नव्हते. मोजत व्हते.”

सगळ्या गावाचा नाना. तिच्यासाठी तो अजून बाबूच होता. तिनं मग सांगितलं ते असं. झाडांचे पैसे मिळणार, आणि झाड जेवढं मोठं तेवढे जास्त, एवढं तिला कळलं होतं. पंचनाम्याला माणसं येऊन गेली तेव्हा ती रानात होती. सातबारा मोठ्या दिराच्या नावावर, दीर मुंबईला गिरणीत. त्याच्या नावानं अंगणातली झाडं लिहून माणसं निघून गेली. घराच्या मागची, वहाळाकाठची झाडं कुणी पाहिलीच नव्हती, आणि ती सगळी हिनं लावलेली. नवरा गेल्यावर लावलेली. मोजपट्टी कुठली तिच्याकडे? शेवटच्या दिवशी टेम्पो उभा होता तेव्हा ती मागे पळाली आणि एकेका झाडाला कवेत घेऊन घेर बघू लागली. कापा फणस कवेत मावत नव्हता, म्हणून दोन्ही हात पुरते पसरून खोडाला चिकटून उभी होती. तेवढ्यात चौघं आले आणि तिला ओढून घेऊन गेले.

“लांबून तुला वाटलं असंल रडतेय,” ती म्हणाली. “मोजून झालं नव्हतं, म्हणून मी सोडत नव्हते.”

बाईंनी विचारलं, “आठवतात झाडं?”

काकीनं डोळे मिटून घेतले नाहीत, की आठवायला थांबली नाही. “मागल्या दारी फणस दोन कापे, पायऱ्यांच्या इहिरीकडे एक बरका. रायवळ आंबे चार, त्यातला एक बिटका, लोणच्याचा. वहाळाच्या कडेनं रातांबे पाच, पोफळी बारा. दोन माड. वरच्या भरडावर काजी पाच. लहान-मोठी धरून एकतीस झाडां.” मच्छीमारांपैकी एकानं नकळत बोटं मोजली. बेरीज बरोबर होती.

नाना खाली बसला होता. त्याला लाज वाटली, हे खरं, पण त्याहून त्याला दुसरं काही लागलं. काकीचं नाव संकलन रजिस्टरात नाही, हे त्याला माहीत होतं. कुणाची किती जमीन गेली, घर किती, झाडं किती, कुटुंबात कोण कोण, याची नोंद त्या रजिस्टरात असते, आणि नवीन भूखंड, जमीन, दाखला, सगळं त्या नोंदीवर मिळतं. काकीला भूखंड मिळाला नव्हता. ती पुतण्याच्या पडवीत राहत होती. तिच्या रडण्यावर त्यानं वीस वर्षं भाषणं केली आणि तिचं नाव लागावं म्हणून एकही अर्ज केला नव्हता. तिनं मागितलंच नव्हतं, असं तो स्वतःला सांगू शकला असता. पण तिला विचारलं कुणी?

इथे कोकणातला वाचक थांबेल, कारण हे एका काकीचं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या खोती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधानसभेत 1937 साली मांडलं. प्रत्यक्ष खोती रद्द करणारा कायदा यायला 1949 उजाडलं. त्यानंतर कूळकायद्यानं पुष्कळांची नावं जमिनीला लागली, पण राहिलीही पुष्कळांची. कसणारा एक, कागदावर दुसरा. भाऊ मुंबईला, नाव त्याचं. वहिनी गावी, घाम तिचा. विधवेचं नाव तर वारसनोंदीच्या वेळी हमखास मागे पडतं. धरणाची मोजणी होते तेव्हा मोजणारा कागद बघतो. आणि ज्याचं नाव कागदावर नाही, त्याच्याकडे पुरावा म्हणून उरतं ते एवढंच: कुठला बांध कुणी घातला, कुठलं झाड कुणी लावलं, चतुःसीमेला कोण कोण. म्हणजे त्याची गोष्ट. ती जर पुढाऱ्यानं आपल्या भाषणासाठी बदलून टाकली, तर त्या माणसाजवळचा शेवटचा कागदच फाटला. ‘काय बिघडलं, लोकांना दया तर आली ना’ असं म्हणणारे मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. दयेची पोच मिळते, हक्काची नोंद होत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोघा-दोघांच्या जोड्या केल्या. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये न बोलता ऐकायचं, आणि मग ऐकणाऱ्यानं तीच गोष्ट, जिची आहे तिलाच सांगायची. तिनं ‘हो, ही माझी’ म्हटलं तर झालं, नाहीतर पुन्हा. नानानं काकीबरोबर बसायचं ठरवलं. पहिल्यांदा त्यानं गोष्ट परत सांगितली त्यात ‘त्याग’ आला. काकी म्हणाली, “मी कसला त्याग केला? घेतलान माझ्याकडनं.” दुसऱ्यांदा त्यानं दिराला वाईट ठरवलं. काकीनं मान हलवली; दीर दर महिन्याला मनिऑर्डर पाठवायचा, वाईट माणूस नव्हता. तिसऱ्यांदा नानानं फक्त झाडं सांगितली, जागेसकट, आणि शेवटी एक वाक्य: हिचं नाव लागलं पाहिजे. काकी म्हणाली, “ही माझी.”

मग तिनं आणखी एक सांगितलं. नवरा कसा गेला ते. तेही सबंध सांगितलं, आणि मग म्हणाली, “हे मात्र तू कुठं बोलू नको.” नानानं मान डोलावली.

परत आल्यावर नाना एक वही घेऊन घरोघर बसू लागला. बोलणारा माणूस गप्प बसायला शिकतो तेव्हा त्याला किती कष्ट पडतात, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. बायका आधी चहा ठेवायच्या आणि ‘तुम्हाला माहीतच आहे सगळं’ म्हणायच्या. त्याला माहीत नव्हतं. शेजारच्या घरातली मोठी सून दोन एकर भात लावायची ते खाचर तिच्या माहेरानं दिलेलं होतं, त्याची नोंद नव्हती. एका घरात गाव उठलं तेव्हा सज्ञान झालेला मुलगा वेगळं कुटुंब म्हणून धरायला हवा होता, तो धरला नव्हता. पावसाळा सुरू होईपर्यंत वहीत नऊ बायकांची नावं झाली, ज्यांचं संकलनात काहीच नव्हतं. नळाचंही कळलं. पाणी कमी येतं असं तो आजवर निवेदनात लिहीत होता. वरच्या रांगेतल्या मुलीनं त्याला सांगितलं, पाणी टाकीत चढतं, पण टाकीपासून खालच्या रांगेपर्यंतची पाइपलाइन दोन जागी फुटलेली आहे, आणि त्या जागा तिनं दाखवल्या. हे तिला सहा वर्षं माहीत होतं.

गणपतीनंतर जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणी लागली. नेहमीचे सात-आठ पुरुष जायचे. या वेळी एक टेम्पो भरून बायका गेल्या. नाना उठला आणि म्हणाला, “साहेब, आमच्या वसाहतीतल्या नऊ बायकांची नावं संकलनात नाहीत. त्या बोलतील.” आणि बसला. वसाहतीतले लोक त्याच्याकडे बघत राहिले. नाना एवढ्यात थांबेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

काकी उभी राहिली. हॉलमध्ये सांगितलं तसंच तिनं सांगितलं, फणसापासून काजींपर्यंत. साहेबांनी आधी टेबलावर कोपर टेकवून ऐकलं. रातांब्यांपर्यंत आली तेव्हा त्यांनी पेन उचललं. “वहाळाच्या कुठल्या बाजूला?” त्यांनी विचारलं. वीस वर्षांत त्या वसाहतीला विचारला गेलेला तो पहिला प्रश्न होता. काकीनं सांगितलं. “घेर किती असेल फणसाचा?” काकीनं पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरून दाखवले. साहेबांनी कारकुनाला जुना पंचनामा काढायला सांगितला. दफ्तरातून तो यायला दुपार झाली. त्यात झाडं होती चौदा, दिराच्या नावावर. वहाळाकाठचं एकही नव्हतं.

त्या दिवशी सगळं सुटलं असं नाही. पण नऊ प्रकरणं वेगवेगळी नोंदली गेली, प्रत्येकीचा जबाब तिच्या शब्दांत लिहून घेतला गेला आणि तिला वाचून दाखवला गेला. पुढच्या दीड वर्षात पाच नावं लागली. काकीचं त्यात होतं. चार अजून अडकलेली आहेत, आणि त्या चौघी दर तारखेला स्वतः जातात. नाना बरोबर असतो, कागद धरायला. फुटलेली पाइपलाइन मात्र महिन्याभरात दुरुस्त झाली, कारण कुठे फुटली आहे हे सांगणारी मुलगी सोबत होती.

काकीला भूखंड मिळाल्याची बातमी झाली तेव्हा एका पेपराचा तरुण वार्ताहर मोटारसायकलवरून वसाहतीत आला. मुलगा चांगला होता, मनापासून लिहिणारा. नानानं त्याला झाडांची हकीकत सांगितली, काकीला विचारून. वार्ताहरानं सगळं लिहून घेतलं आणि मग म्हणाला, “आजींचे यजमान तरुणपणीच गेले ना? ते कसं झालं ते सांगा ना. तेवढं आलं तर लोकांच्या काळजाला भिडेल.”

नाना म्हणाला, “ते त्या सांगत नाहीत.”

“तुम्हाला माहीत असेलच की.”

“मला माहीत आहे,” नाना म्हणाला, आणि वहीतलं पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं. “तुम्ही हे लिहा. फणस तीन, त्यातले कापे दोन. आकडे नीट बघून घ्या, त्या वाचून दाखवायला सांगतील.”